दाणा आहे, अळी नाही

चिमणीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा जेमतेम दोन-अडीच ग्रॅमचे असते. पंधरा दिवसांनी घरट्यातून झेपावते तेव्हा ते चोवीस-पंचवीस ग्रॅम भरते. दोन आठवड्यांत दहापट वाढणारा हा जीव दाण्यावर वाढत नाही. पहिले काही दिवस तर कोरडा दाणा त्याला पचतही नाही. त्याला लागतो मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, मऊ अळ्या, बारके कोळी. थोडे अंग धरल्यावर नाकतोडे आणि भुंगेरे. नर-मादी मिळून तासाला दहा-पंधरा खेपा मारतात. बारा तासांचा दिवस आणि पंधरा दिवसांची वाढ धरली, तर एक वीण उडवायला दोन हजारांच्या आसपास खेपा होतात आणि बहुतेक खेपांत चोचीत काहीतरी मऊ, ओले, जिवंत असावे लागते. हे सगळे घरट्यापासून शंभरेक मीटरच्या आत मिळाले पाहिजे. त्याहून लांब जाऊन इतक्या खेपा करणे त्या एवढ्याशा पक्ष्याला झेपत नाही.

शहरातल्या कुठल्याही नव्या बागेत उभे राहून हे शंभर मीटर पाहावेत. कार्पेट लॉन, कडेने ड्युरांटाची पिवळी रांग, चार-सहा पाम, गोल कापलेले फायकस, मधून पेव्हर ब्लॉकची वाट. हिरवे सगळे आहे. अळी कुठे आहे?

शहरातल्या पक्ष्यांबद्दलची आपली जाहीर चर्चा या प्रश्नाला वळसा घालून जाते. २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो. त्याची सुरुवात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने केली आणि चिमणी हा शहराच्या बोलण्यातला विषय झाला, याचे श्रेय त्या प्रयत्नांना दिलेच पाहिजे. दिल्लीने २०१२ साली चिमणीला राज्यपक्षी केले. पण त्या दिवशी जागोजागी वाटली जातात ती लाकडी घरटी आणि दाण्याची पाकिटे. पिल्लाचे अन्न कोणी वाटत नाही, कारण ते वाटता येत नाही. ते बागेत तयार व्हावे लागते. आणि ते तयार होऊ नये यासाठी आपण दर महिन्याला पैसे मोजतो, बागेच्या देखभालीच्या कंत्राटातून. चिमण्या परत याव्यात असे खरेच वाटत असेल, तर घरट्यांच्या आधी हे कंत्राट बदलले पाहिजे. महापालिकेच्या उद्यान विभागाचेही आणि गृहनिर्माण सोसायटीचेही.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. चिमणी नामशेष होत चाललेली नाही. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तयार झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालात देशपातळीवर चिमण्यांची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर दिसते. उतार दिसतो तो बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता आणि मुंबई या सहा महानगरांत. म्हणजे हा प्रश्न जंगलाचा किंवा अभयारण्याचा नाही, शहराच्या जमिनीचा आहे.

दुसरा गैरसमज मोबाइल टॉवरचा. टॉवरच्या लहरींनी चिमण्या गेल्या, हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की ते सिद्ध झाल्यासारखेच वाटते. तसा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. तालुक्याच्या गावात टॉवरही असतात आणि त्यांच्या सावलीत भुसार दुकानांसमोर चिमण्यांचे थवेही असतात. टॉवरकडे बोट दाखवले की आपल्या अंगणात काही बदलावे लागत नाही, एवढीच त्या स्पष्टीकरणाची सोय आहे.

आता कबुतराकडे पाहा. चिमणी कमी होत असताना त्याच शहरात कबुतर बेसुमार वाढते, हे कोडे वाटते; पण ते कोडे नाही. कबुतर आणि होला पिल्लांना अळ्या भरवत नाहीत. त्यांच्या अन्नपिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा घट्ट स्राव तयार होतो आणि पहिले काही दिवस पिल्ले त्यावरच वाढतात. नर-मादी दोघांनाही हा स्राव येतो. त्यामुळे ज्वारी, गहू, मका मुबलक मिळाला आणि बसायला सज्जा मिळाला, की कबुतर वर्षभर पिल्ले काढते. कीटक असोत वा नसोत, त्याचे अडत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून, विशेषतः दादरच्या कबुतरखान्यावरून, केवढे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. फुफ्फुसांच्या आजारांवर बोलणे झाले, श्रद्धेवर झाले, आणि दोन्ही गोष्टी गंभीरच आहेत. पण भरपूर दाणा आणि शून्य कीटक अशी मांडणी करून आपणच शहरात कोणता पक्षी राहावा हे ठरवले आहे, हा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला.

बागेतल्या पक्ष्यांची यादी घ्यावी आणि प्रत्येकापुढे ‘पिल्लाला काय भरवतो’ असा रकाना करावा. शिंपी: अळ्या आणि बारके किडे. राखी वटवट्या: तेच. सूर्यपक्षी स्वतः मध पितो, पण पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. बुलबुल फळे खातो, पिल्लांना सुरुवातीला किडे देतो. दयाळ आणि सातभाई पालापाचोळा उलटून किडे वेचतात. मुनियेला गवताचे कोवळे, दुधाळ बी लागते, म्हणजे फुलोऱ्यावर आलेले गवत लागते. या रकान्यात ‘सज्ज्यावरचा दाणा’ किंवा ‘कचराकुंडी’ असे लिहिता येईल ते पक्षी शहरात टिकतात: कबुतर, होला, कावळा. बाकीच्यांचे भवितव्य माळ्याच्या कात्रीवर अवलंबून आहे.

लंडनचे केन्सिंग्टन गार्डन्स हे याचे जुने उदाहरण. तिथे १९२५ साली पक्षीअभ्यासक मॅक्स निकोल्सन यांनी चिमण्या मोजल्या, भरल्या २,६०३. पुढच्या मोजण्यांत १९४८ साली ८८५, १९७५ साली ५४४, १९९५ साली ४६ आणि २००० साली ८. बाग तीच, जागा तीच. सुरुवातीची घसरण घोडागाड्या जाण्याशी जोडली जाते, कारण घोड्यांच्या तोबऱ्यातून सांडणारा दाणा थांबला. शेवटची उतरंड मात्र दाण्याने समजावता येत नाही. इंग्लंडमधल्याच लेस्टर शहरातल्या अभ्यासात घरट्यांत उपाशी मरणाऱ्या पिल्लांचा धागा कीटकांच्या टंचाईशी जुळला. आपल्याकडे इतक्या जुन्या मोजण्या नाहीत, पण वाट तीच दिसते आहे.

आपल्याकडे वाडे पाडले गेले तेव्हा वासे, आढे, कौलांखालच्या फटी गेल्या, हे सगळेच सांगतात. सुपातून पाखडलेली ज्वारी आणि निवडलेल्या तांदळाची कणी अंगणात पडायची बंद झाली, हेही सांगतात. वाड्यामागचे परस गेले, हे कमी वेळा सांगितले जाते. मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू, दोडक्याचा मांडव, वालाच्या वेलावर चिकटून बसलेला काळा मावा, लिंबाच्या पानावरची लिंबाळी फुलपाखराची अळी, कडेला आपोआप उगवलेले माठ, घोळ आणि दुधी नावाचे तण. चिमणीच्या पिल्लाचे स्वयंपाकघर तिथे होते. त्या जागी पार्किंग आले आणि उरलेल्या पट्टीत लॉन.

लॉनचे काम कसे चालते ते एकदा नीट पाहिले पाहिजे. नर्सरीतून गवताचे चौकोनी तुकडे लाल मातीच्या पातळ थरासह येतात आणि फरशीसारखे मांडले जातात. रोज पाणी, महिन्याला युरिया, दर दहा-पंधरा दिवसांनी मशीन. त्यात एकदांडी, दुधी, लव्हाळा उगवला की खुरपणी, नाहीतर तणनाशक. हुमणी आणि वाळवी नको म्हणून क्लोरपायरीफॉस. मशीन पंधरा दिवसांनी फिरत असेल तर गवताला तुरा येण्याची संधीच मिळत नाही. तुरा नाही म्हणजे बी नाही, बी नाही म्हणजे मुनिया नाही. आणि मातीत विष असल्यावर नाकतोडा अंडी घालणार कुठे? इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे तर झाडाच्या रसात भिनतात. त्या झाडाचे पान खाणारी अळी मरतेच, फुलातल्या मधातही औषधाचा अंश उतरतो.

हेज कटिंगचा हिशेब याहून सरळ आहे. बुलबुल बहुधा मेंदीसारख्या दाट झुडपात, माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर घरटे करतो. अंडी उबवायला दोन आठवडे, पिल्ले उडायला त्याहून थोडे कमी. शिवाय घरटे विणायला काही दिवस. महिना जातो. बहुतेक कंत्राटांत हेज कटिंग महिन्यातून दोनदा असते. म्हणजे पत्रक पाळून काम करणारा प्रामाणिक माळी त्या रांगेत एकही घरटे पूर्ण होऊ देणार नाही. त्याचा दोष नाही. वेळापत्रकच तसे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे येते. तरी आपण वेळापत्रकाने तेच करत राहतो, आणि पावसाळ्यापूर्वीची वृक्षछाटणी तर ऐन एप्रिल-मेमध्ये, झाडावर अंडी-पिल्ले असताना करतो. धोकादायक फांद्या काढायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण त्या डिसेंबर-जानेवारीत पाहून ठेवता येतात आणि तेव्हाच उतरवता येतात.

वाळक्या फांदीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण तिच्या बाजूने कोणी बोलत नाही. तांबट पक्ष्याची चोच सुताराएवढी दणकट नसते. त्याला मऊ, कुजू लागलेले लाकूड हवे: शेवगा, पांगारा किंवा रेन ट्रीची मनगटाहून जाड वाळलेली फांदी. तिच्या खालच्या अंगाला तो रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, गोल भोक कोरतो. खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. कोरताना भुसा खालच्या पानांवर पडत राहतो; पाहायचे असेल तर वर बघण्याआधी पानांवर बघावे. तांबटाने सोडलेली ढोली पुढे दुसरे पक्षी वापरतात. रस्त्यावर, बाकावर, खेळण्यांवर येणारी वाळकी फांदी उतरवावी. पण झुडपांच्या वाफ्यावरची, कोणाच्या डोक्यावर न पडणारी फांदी हातभर खुंट ठेवून कापली तर काय बिघडते?

आता बदल काय करायचा ते सांगतो. एक हजार चौरस मीटरचे लॉन असेल तर त्यातले अडीचशे चौरस मीटर वेगळे काढावे, शक्यतो कुंपणाच्या बाजूचे. जूनपासून ते कापू नये. हरळी आणि पावसाळी गवते वाढून तुऱ्यावर येऊ द्यावीत. नोव्हेंबरात अर्धा भाग विळ्याने कापावा, उरलेला फेब्रुवारीत. सगळा एकदम कापला तर त्यातले किडे, कोष, अंडी एका दिवसात नाहीशी होतात. वाटेच्या कडेचा एक मीटरचा पट्टा मात्र नेहमीप्रमाणे नीट कापत राहावा. हा पट्टा फार महत्त्वाचा आहे. तो नसेल तर तिसऱ्या महिन्यात तक्रार येते की बाग ओसाड पडली. तो असेल तर हे मुद्दाम राखलेले आहे, हे येणाऱ्याला न सांगता कळते.

मोकळे सोडणे म्हणजे टाकून देणे नव्हे, आणि बहुतेक प्रयोग इथेच फसतात. गाजर गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे लागते, हातमोजे घालून, कारण अंगावर पुरळ उठते. सुबाभळीची रोपे वीतभर असतानाच काढावीत; पुरुषभर झाल्यावर कुऱ्हाड लागते. ओला कचरा त्या भागात टाकला की उंदीर आलेच. साप येतील, ही भीती खरी आहे, पण साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. उंदीर खरकट्यासाठी येतो. आणि उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनच्या वड्या टाकल्या की तो विषारी उंदीर खाऊन गव्हाणी घुबड आणि पिंगळा मरतो, जे फुकटात उंदीर मारत होते.

पालापाचोळ्याचे तसेच. झुडपांखाली पाच-आठ सेंटिमीटरचा थर ठेवावा, खोडापासून वीतभर आणि इमारतीच्या भिंतीपासून अर्धा मीटर दूर. फूटभर ढीग केला तर तो आतून तापतो, सडतो, वास येतो आणि मग सगळीच कल्पना बदनाम होते. उरलेला पाला खड्ड्यात खताला जाऊ द्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाडीत नको.

लागवडीत देशी-परदेशी असा सोवळेपणा आम्हाला मान्य नाही. बोगनवेल परदेशी आहे आणि तिच्यावर खायला जवळपास काही नसते, पण तिच्या काटेरी गचपणात चिमण्यांचे थवे संध्याकाळी निर्धास्त बसतात. तरीही हिशेब असा मांडावा: आपल्या मातीतल्या अळ्यांना जी पाने खाता येतात ती निम्म्याहून जास्त असावीत. बहावा, लिंबू, कडीपत्ता, करवंद, बोर, अडुळसा, निरगुडी, उंबर, पांगारा. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, बागेत स्लॅबवर अर्धा मीटर माती असते, तिथे उंबर लावणे हा गुन्हाच; पण लिंबू, कडीपत्ता, अडुळसा, मेंदी आणि तुऱ्याचे गवत तिथे छान धरते. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यात लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के मोकळी जागा सोडायला लावली आहे. जागा आहे. तिच्यात काय लावायचे, हे मात्र लँडस्केपच्या रंगीत चित्रावर ठरते, आणि त्या चित्रात अळी नसते.

डासांचा आक्षेप सर्वांत जोराने येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डेंग्यूने घरे हादरली आहेत. पण डेंग्यूचा एडिस डास गवतात पैदा होत नाही. तो कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टायरात, उघड्या टाकीत, साठलेल्या स्वच्छ पाण्यात पैदा होतो. धुराची फवारणी उडता डास मारते, पाण्यातली अळी तशीच राहते आणि आठवड्यात नवे डास बाहेर येतात. मधल्या मध्ये झुडपांतले बाकीचे किडे मेलेले असतात. साथ असेल तेव्हा धूर करावा. दर शनिवारी ठरावाने करू नये. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याचेही तेच. तीन-चार सेंटिमीटर खोल मातीची पसरट बशी, रोज ओतून, घासून, नवे पाणी. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सात-दहा दिवस लागतात. रोज रिकामी होणारी बशी त्याला तेवढा वेळ देत नाही.

घरट्यांच्या पेट्यांना आमचा विरोध नाही, पण त्या नीट तरी असाव्यात. पंधरा-अठरा मिलिमीटर जाडीची साधी फळी, आतून पॉलिश नाही, रंग नाही. तळ पंधरा बाय पंधरा सेंटिमीटर, उंची वीस-पंचवीस, भोक ३२ मिलिमीटर आणि तळापासून पंधरा सेंटिमीटरवर. तळाला सहा मिलिमीटरची चार छिद्रे, छपराला पुढे उतार. भोकाखाली बसायची काडी लावू नये. चिमणीला ती लागत नाही, घरट्यावर हल्ला करणाऱ्याला लागते. भोक ५० मिलिमीटरचे केले की साळुंकी शिरते. पत्र्याची किंवा पातळ प्लायची पेटी एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर टांगली तर आत पिल्ले उकडून मरतात. उत्तर किंवा पूर्व बाजू, तीन मीटर उंची, दोरीला झुलती नव्हे तर भिंतीला पक्की. आणि जवळपास चिमण्याच नसतील तर पेटी लावून उपयोग नाही. इंग्लंडच्या ब्रायटन अँड होव्ह शहराने २०२० पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींच्या भिंतीतच पाकोळ्यांसाठी पोकळ विटा बसवायची अट घातली. त्या विटांत चिमण्याही राहतात. आपल्याकडे बांधकाम परवानगीत अशी एक ओळ घालायला फार खर्च नाही. पण ती विटही पिल्लाच्या चोचीत अळी घालणार नाही.

चिमणी दिन येतो २० मार्चला आणि अकरा दिवसांनी आर्थिक वर्ष संपते. उद्यान विभागाची टेंडरे आणि सोसायट्यांची वार्षिक कंत्राटे याच सुमारास नव्याने लिहिली जातात. त्या कागदात चार ओळी असतात: ‘लॉन कटिंग : महिन्यातून दोनदा’, ‘हेज कटिंग : महिन्यातून दोनदा’, ‘पालापाचोळा उचलणे : रोज’, ‘औषध फवारणी : महिन्यातून एकदा’. पहिलीत ‘पाऊण क्षेत्रावर’ हे शब्द घालून घ्यावेत. दुसरी ‘नोव्हेंबर ते जानेवारी, एकदा; एरवी फक्त वाटेच्या बाजूने, घरटे नसल्याची खात्री करून’ अशी करावी. तिसरीत ‘वाटा, बाके आणि खेळण्याची जागा येथून’ एवढे जोडावे. चौथी खोडून ‘कीड दिसल्यास, त्या झाडापुरती, लेखी परवानगीने’ असे लिहावे. कामाचे तास घटतात, म्हणून ठेकेदार दर कमी करेल किंवा माणूस कमी करेल. तो माणूस कमी होऊ देऊ नये, गाजर गवत उपटायला आणि पाण्याच्या बशा धुवायला तोच लागणार आहे.